ताट जरा तसंच धर

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर कुणाचं तरी जुनं लग्न चाललं होतं. वधूवर, अंतरपाट, भटजी, सगळे असे गदगदा हलत होते की मांडवच कोणीतरी चाळणीत घालून चाळतंय असं वाटावं. हर्षल मेश्रामने कळ दाबली आणि मांडव जागच्या जागी थबकला. आता अक्षता तेवढ्या उडत होत्या.

"हे करता तरी कसं?" डॉ. अलोणींनी विचारलं. ते मेंदूविकारतज्ज्ञ होते आणि नागपूरच्या या चलच्चित्र प्रयोगशाळेत आज पहिल्यांदाच आले होते.

"आमचा स्थिरक प्रत्येक चित्रचौकटीत काही बिंदू निवडतो," वैजयंती म्हणाली. प्रकल्पाची प्रमुख तीच होती. "आम्ही त्यांना खिळे म्हणतो. हे हलत नाहीत असं धरायचं. पुढच्या चौकटीत खिळे सरकलेले दिसले, तर कॅमेरा हलला असं समजून सगळं चित्र तेवढंच उलट सरकवायचं."

"पण काय हलत नाही, हे त्याला कोण सांगतं?"

"कोणी नाही जी," हर्षल हसला. "चित्रात सगळ्यात जास्त जागा ज्याची, ते स्थिर. बहुतेक वेळा ती भिंत नाहीतर जमीनच असते ना."

"आणि नसली तर?"

"मग एसटी स्टँडवर होते तसं होते. शेजारची गाडी मागे निघाली की वाटते, चाललो आपण उमरेडले!"

सगळे हसले. डॉ. अलोणींना मात्र थांबलेल्या चित्रात रस नव्हता. स्थिरकाने वजा करून टाकलेली थरथर त्यांना हवी होती. तिचा आलेख निघत असे. वैजयंतीने त्याला कंपरेषा असं नाव दिलं होतं.

"काही विकारांमध्ये हात सेकंदाला साधारण पाच वेळा थरथरतो," ते म्हणाले. "डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधीपासून. पेशंट आमच्याकडे येतो तोवर उशीर झालेला असतो. आणि घराघरात वर्षानुवर्षांचं चित्रण पडलंय. बरं, घरात कॅमेरा धरणारा हात बहुधा एकाच माणसाचा!"

तुम्ही कचऱ्यात टाकता ते मला द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पहिल्या चाचणीसाठी वैजयंतीने घरचंच चित्रण घेतलं. लेक केतकी हिचे सगळे वाढदिवस. चित्रीकरण नेहमी नवऱ्याचं, उपेंद्रचं. कॅमेरा तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. औक्षणाच्या आधी त्याचा एक हट्ट ठरलेला होता. वैजयंतीने ताट घेऊन केतकीसमोर उभं राहायचं आणि ओवाळायच्या आधी थांबायचं. "ताट जरा तसंच धर," असं म्हणून तो ताट पडदाभर होईपर्यंत जवळ आणायचा. निरांजन, सुपारी, अंगठी, हळदकुंकू सगळं टिपून झालं की मग परवानगी. तोवर केतकी पाटावर चुळबुळत असायची.

स्थिरक फक्त चित्र बघतो, म्हणून आवाज काढून टाकून तिने सगळे वाढदिवस त्याला दिले.

सुरुवातीच्या वर्षांच्या कंपरेषा सपाट होत्या. मग एका वर्षी औक्षणाच्या जागी बारीक दाते उमटले. पुढच्या वर्षी ते वाढले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. सेकंदाला पाच.

वैजयंतीने गणित पुन्हा केलं. दाते तसेच राहिले. केक कापताना, मुलं नाचताना ते दिसत नव्हते, फक्त ताटाच्या वेळी दिसत होते. त्याचं कारण तिला लगेच सुचलं. भिंगाने चित्र जवळ आणलं की हाताची बारीकशी थरथरही मोठी होते. विद्यार्थ्यांना ती हेच तर शिकवत असे.

उपेंद्र डोळ्यांचा सर्जन होता. त्याच्या हाताखाली केसाएवढ्या टाक्यांचं काम चालत असे.

त्या दिवसापासून ती त्याच्या हातांवर पाळत ठेवू लागली. तो चहा गाळताना ती गाळणीकडे बघे. शर्टाची बटणं लावायला जरा वेळ लागला की ती मनात सेकंद मोजू लागे. एकदा त्याच्या हातून चमचा पडला, आणि ती ताडकन उठून उभी राहिली.

"काय झालंय तुला?" उपेंद्रने विचारलं. "आठवडाभर बघतोय, माझे हात चोरीला जाणार असल्यासारखी नजर ठेवून आहेस."

तिने सांगितलं. कंपरेषा दाखवल्या. त्याने एकेका वर्षाच्या दात्यांवरून बोट फिरवलं.

"तुझं गणित चुकत नाही, नाही का?" शेवटी तो म्हणाला.

"चुकलं असेल तर मला हवंच आहे."

"उद्या एका मुलाच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सकाळपासून उपाशी ठेवायला सांगितलंय त्याला." मग त्याने फोन उचलला आणि उद्याचं ऑपरेशन दुसऱ्या डॉक्टरांकडे दिलं. परवाचंही दिलं. फोन ठेवून म्हणाला, "वीस वर्षांत पहिल्यांदा. आता त्या मुलाच्या आईला काय सांगू, की बायकोने वाढदिवसाच्या फिल्मवरून मला घरी बसवलं?"

विनोद होता, पण दोघांनाही हसू आलं नाही.

डॉ. अलोणींनी त्याच्या बोटांना संवेदक लावले. हात मांडीवर, हात समोर ताणून, हातात वजन, हातात कपबशी, सगळं करून झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा केलं.

"अहो, हा हात आहे की दगडी खांब?" ते म्हणाले. "खुशाल ऑपरेशनं करा."

बाहेर आल्यावर उपेंद्रने तिच्या डोक्यावर टपली मारली. "आता तरी मला सुखाने चहा पिऊ दे, बाई." वैजयंतीला इतकं हलकं वाटलं की दवाखान्याच्या पायरीवरच ती क्षणभर बसली. पण उठताना मनात आलं ते आलंच. उपेंद्रचा हात स्थिर आहे. मग ते दाते कुठून आले? कंपरेषा चुकीची असू शकते, पण दरवर्षी वाढत जाणारी चूक कुणी पाहिली आहे?

ती तशीच प्रयोगशाळेत गेली आणि तिने गेल्या वर्षीचं औक्षण पडद्यावर लावलं. स्थिर केलेल्या चित्रात ताट एखाद्या छायाचित्रासारखं निश्चल होतं.

"हर्षल, यात खिळे कुठे आहेत ते दाखव."

पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. कुंकवाच्या करंड्यावर, सुपारीवर, अंगठीवर, ताटाच्या काठावर. सगळेच्या सगळे ताटात. मागच्या भिंतीचा एक कोपरा तेवढा चौकटीत होता, आणि त्यावर एकही ठिपका नव्हता.

हर्षलचा हात कळफलकावरच थांबला. "मॅडम, ही तर एसटी स्टँडचीच गोष्ट झाली."

"ताटातले खिळे काढ. सगळे भिंतीवर ठोक."

भिंतीवर कॅलेंडर होतं. हर्षलने त्याच्या आसपास एकेक ठिपका बसवला आणि कळ दाबली. भिंत थांबली.

ताट थरथरू लागलं. अगदी बारीक, एकसारखं. निरांजनाची ज्योत त्याच्यासोबत लवलवत होती. काठावर दोन अंगठे दिसत होते. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना पांढरा डाग होता.

हर्षलने डाग पाहिला, मग शेजारी बसलेल्या वैजयंतीचा अंगठा पाहिला. तो उठून पाणी आणायला गेला.

वैजयंतीने आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो मुळीच हलत नव्हता. निदान तिला तसं दिसत होतं. मग तिने काढून ठेवलेला आवाज परत जोडला आणि चित्र पहिल्यापासून लावलं.

"हं, ताट जरा तसंच धर," उपेंद्रचा आवाज आला.

"बाबा, बघा ना," पाटावरून केतकी म्हणाली. "आईचा दिवा नाचतोय!"

पाठोपाठ वैजयंतीला स्वतःचंच हसू ऐकू आलं. "वाऱ्याने गं, बाळा. वारा सुटलाय ना."

भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मात्र जरासुद्धा हलत नव्हतं.