गुलाबबाग वगळली

"पुन्हा आलात, बरं वाटलं!" सुधन्वांच्या छातीवरची डबी मराठीत म्हणाली. "गुलाबबाग, तारांगण, जपानी बाग तुमची पाहून झाली आहेत, म्हणून वगळते. नेहमीसारखं तळ्यावर जाऊ?"

हेमांगी थबकली. ब्युनोस आयर्सच्या या भल्यामोठ्या उद्यानात दोघं पहिल्यांदाच आली होती. निदान ती तरी.

"नेहमीसारखं?"

"यंत्र आहे, चुकतं."

"माझं नाही चुकलं. मला मुकाट्याने गुलाबबाग दाखवतंय."

बिल्ल्याएवढी ही वाट दाखवणारी डबी प्रत्येकाला फाटकावर मिळे. ती नाव विचारत नसे, चेहरा पाहत नसे. वाटेखाली पुरलेल्या संवेदक पट्ट्या पाऊल पडण्याची ढब टिपत, आणि एकदा आलेल्या माणसाला पुढे चालीवरूनच ओळखत.

ओजस, त्यांचा मुलगा, इथल्याच मुलीशी लग्न करून या शहरात राहिला होता. त्याचं नाव घरात काढायचं नाही, हे सुधन्वांचं सात वर्षांचं फर्मान. त्याचा पत्ताही त्यांनीच फाडून टाकला होता. सहल हेमांगीने निवडली, कारण न सांगता. आणि आता ही डबी! मला रडवून स्वतः चोरून भेटतात की काय? दोन वर्षांपूर्वीची त्यांची ती ऑफिसची सिंगापूरवारी तिला एकदम आठवली.

"जपानी बागेतल्या त्या लाल पुलाखाली काय आहे, सांगा."

"मला काय माहीत? मासे असतील."

"बघा, माहीत आहे!"

तळ्याशी डबी पुन्हा बोलली, "रविवारसारखीच होडीची तिकिटं? दोन मोठी, एक लहान?"

"लहान कोण?" हेमांगीचा आवाज चिरकला.

"हेमा, तुझी शपथ..."

"माझी कशाला? स्वतःची घ्या!" ती त्यांच्या छातीशी वाकली. "हे गृहस्थ शेवटचे कधी आले होते?"

"गेल्या रविवारी."

गेल्या रविवारी सुधन्वा मिरजेच्या घरी पंखा पुसत होते. स्टूल तिनेच धरलं होतं.

ते वैतागून पुढे निघाले. डावं पाऊल बाहेर फेकत, टाच जराशी घासत. पाठमोरे बापलेक वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून सगळी गल्ली हसायची.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "तुमची चाल."

सुधन्वांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कठड्याला धरून ते खाली बसले.

आज शनिवार होता. परतीचं विमान उद्या रात्रीचं.

सुधन्वांनी मान खाली घातली, घसा खाकरला आणि छातीवरच्या डबीला हलकेच विचारलं,

"रविवारी मी इथे किती वाजता येतो गं?"