निळ्या काठाची ताटली

माझी बायको मिरसिनी गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडात घास होता. शहरातल्या दवाखान्यातून फोन आला. आदल्या दिवशी तिनंच मला गावी परत पाठवलं होतं. शेळ्या उपाशी राहतील, जा, आणि येताना माझी चांगली चप्पल आण, म्हणाली होती. चप्पल पिशवीत घालून मी दाराशी ठेवलीही होती. तोंडातला घास थुंकावा की गिळावा, मला कळेना. फोनवरची बाई मी काही बोलायची वाट बघत होती आणि मी चावत होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

संध्याकाळी सगळं गाव आमच्या दारात आलं. माणूस गेलेल्या घरात आमच्याकडे काही शिजवत नाहीत, शेजारी जेवू घालतात. समोरच्या कीरा एर्मिओनीनं – मोठ्या बाईला आमच्याकडे कीरा म्हणतात – माशांचं सूप आणलं. कुणी पालक घालून भात आणला, कुणी मसूर. सगळ्यात शेवटी स्त्रातिस आला, मिरसिनीचा भाऊ. त्याच्या हातात निळ्या काठाची ताटली होती. वर फडकं, फडक्याखाली तिरोपिता – चीजचं सारण भरून भाजलेल्या, अर्ध्या चंद्राच्या आकाराच्या. त्यानं ताटली टेबलावर ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

ताटली मी बघताक्षणी ओळखली. काठावरचा टवका तसाच होता.

माझं लग्न त्या ताटलीमुळे झालं.

आम्ही तेव्हा डोंगरापलीकडच्या गावातून नुकतेच इथं राहायला आलो होतो. वडील ऑलिव्हच्या घाण्यावर कामाला लागले होते, मीही त्यांच्या हाताखाली. आल्या आल्या आई तापानं पडली. खालच्या गल्लीतल्या कीरा पेलागियानं आजारी बाईसाठी म्हणून तिरोपिता पाठवल्या. आम्ही बापलेकांनी त्या उभ्याउभ्याच संपवल्या. दुसऱ्या दिवशी मी ताटली राखेनं घासली, पुसून लख्ख केली आणि परत द्यायला गेलो. आपण नीटनेटकं वागतोय असं मला वाटत होतं.

दार एका मुलीनं उघडलं. केसांना पीठ लागलेलं, हातात लाटणं. तिनं ताटली घेतली, उलटी केली, हलवली. मग माझ्या खांद्यावरून मागच्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"वाटेत सांडलं का?"

"काय सांडलं?"

"जे घालून आणलं होतंस ते."

"मी... धुऊन आणलीय."

"दिसतंय. धुवायला पाणी आमच्याकडेही आहे."

माझे कान तापले. इथं कुणी शेजाऱ्याची ताटली रिकामी परत देत नाही. अंडी, बदाम, निदान अंगणातल्या पुदिन्याची एक डहाळी तरी ठेवतात. आमच्या गावातही तसंच होतं, पण तो व्यवहार आई बघायची. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मुलीनं ताटली माझ्या हातात परत दिली. म्हणाली, ही मी घेणार नाही. आई म्हणेल, नवीन लोकांच्या घरात दुष्काळ पडलाय.

मी वळलो. घरी आई झोपलेली, फडताळात काही नाही. वाटेत एका भिंतीवरून लिंबाच्या फांद्या लोंबत होत्या. आजूबाजूला पाहिलं, चार लिंबं तोडली, ताटलीत मांडली आणि परत तेच दार वाजवलं.

तिनं एक लिंबू उचलून वास घेतला. माझ्याकडे पाहिलं... परत लिंबाकडे पाहिलं.

"ही आमच्याच झाडाची आहेत."

मला वाटलं, आता या गावात राहणं शक्य नाही. ती मात्र दाराच्या चौकटीला टेकून हसत राहिली, इतकी की लाटणं खाली पडलं. मी ते उचलून दिलं. देताना बोटाला बोट लागलं आणि माझ्या बोटालाही पीठ लागलं. घरी पोचेपर्यंत मी ते पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताटली आमच्या दारात हजर. गरम तिरोपिता, आणि निरोप असा की झाड झोडपल्याची मजुरी पाठवलीय. आता ताटली पुन्हा आमच्याकडे. म्हणजे भरून देणं आलं. मी बदाम नेले. तिकडून तिरोपिता आल्या. मी खाडीतले शिंपले नेले, ओले, पाणी गळत असलेले, आणि तिनं विचारलं की हे जिवंत आहेत की तुझ्यासारखे गप्प? हिवाळाभर ती ताटली एका जागी बसली नाही. ताटली तुमची की आमची हे आता मलाच आठवत नाही, असं ती एकदा म्हणाली, आणि म्हणताना ताटलीकडे बघत नव्हती.

एका संध्याकाळी बारीक पाऊस होता, म्हणून तिनं मला स्वयंपाकघरात उभं राहू दिलं. कीरा पेलागिया कोपऱ्यात विणत बसली होती, विणकामावरची नजर उचलायची नाही असं ठरवून. मिरसिनीनं दह्यात भिजवलेल्या पिठाची पारी लाटली, सारण ठेवलं, दुमडली आणि काठ काट्यानं दाबत गेली.

"हे नीट दाबायचं," ती म्हणाली, "नाहीतर आतलं सगळं बाहेर येतं." मग हळूच – "तुला ही भीती नाही. तुझ्या आतलं काही बाहेरच येत नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, चीजचा छान वास येतोय. कोपऱ्यातल्या सुया थांबल्या, आणि परत सुरू झाल्या.

बदामाला फुलं आली होती तेव्हा ती आमच्या दारात आली. पहिल्यांदाच एकटी. ताटली छातीशी धरलेली. पुढे केली तेव्हा तिच्यात काहीच नव्हतं.

"वाटेत सांडलं का?" मी विचारलं. बऱ्याच दिवसांपासून मला ते विचारायचं होतं.

ती हसली नाही. "आई मावशीकडे ताटली रिकामीच नेते," ती म्हणाली. "मावशीही रिकामीच देते. घरच्या माणसात कोण बघतं..." तिनं ताटली अजून थोडी पुढे केली. "मी रिकामी आणलीय, इग्नाती. आता तू सांग. मला लाज वाटायला हवी की नको?"

मी ताटली इतक्या घाईनं ओढली की ती दाराच्या कडीवर आपटली आणि काठाचा टवका उडाला.

"नको," मी म्हणालो.

प्रेमाचं मी एवढंच बोललो. यानं मला एका शब्दात मागणी घातली, आणि त्यातही ताटली फोडली, असं ती पुढे आयुष्यभर लोकांना सांगत राहिली.

लग्नानंतर ताटली तिच्या माहेरी राहिली. कीरा पेलागिया गेल्यावर घर स्त्रातिसकडे आलं, ताटलीही. इतकी वर्षं ती त्या घरातून आमच्याकडे यायची, कधी भरलेली, कधी रिकामी. कुणी बघत नव्हतं.

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली तरी सगळ्यांच्या ताटल्या माझ्या ओट्यावर होत्या, एकावर एक. कुणी घरी आलं की मी त्यांच्यावर फडकं टाकायचो. लोक आपल्याच ताटलीकडे बघून नजर वळवायचे. बेकरीतून तिरोपिता आणून भरता आल्या असत्या, पण एर्मिओनीनं त्यांचे काठ बघूनच ओळखलं असतं. मग मी तिरोपिता करायला घेतल्या. पीठ हाताला चिकटून राहिलं, वर पीठ टाकत गेलो तर घट्ट झालं. सारण जास्त भरलं. भट्टीत काठ उघडले आणि चीज पत्र्यावर पसरून जळलं. मिरसिनी हे करायची तेव्हा मी टेबलाशी बसून पहिली गरम कधी मिळते त्याची वाट बघायचो. बघत होतो, आणि काहीच पाहिलं नव्हतं.

तरी ताटल्या भरल्या आणि खाली मान घालून घरोघर दिल्या. एर्मिओनीनं मला जाऊ दिलं नाही. समोर बसवलं आणि एक तोडली.

"मीठ कुणी घातलं?"

"मीच. मिरसिनी चिमूटभर काहीतरी घालायची..."

"जायफळ घालायची, गाढवा. फेटा चीज खारटच असतं." ती चावत राहिली. "आणि काठ कशानं दाबलेस, बुटानं?"

मी उठायला लागलो. तिनं हात धरून खाली बसवलं आणि उरलेली सगळी खाल्ली, पाणी पीत पीत. मग विचारलं, स्त्रातिसची ताटली दिलीस का. नाही म्हणालो.

"ती भरायचीही गरज नाही. तो घरचा माणूस."

"तो घरचा होता तो मिरसिनीमुळे," मी म्हणालो. "आता मी त्याचा कोण?"

तिनं टेबलावरचे कण हातानं गोळा केले. "ते त्याला विचार. मला नको."

पुढच्या रविवारी मी पुन्हा तिरोपिता बनवल्या. जायफळ घातलं, मीठ नाही. काठ काट्यानं दाबले. चांगल्या झाल्या होत्या, तिच्यासारख्या नाही, पण कुणाला द्यायची लाज वाटू नये इतक्या. निळ्या काठाच्या ताटलीत मांडल्या आणि खालच्या गल्लीत गेलो. भिंतीपाशी, लिंबाच्या झाडाखाली, पाय थांबले. भरलेली दिली तर शेजाऱ्यासारखी दिली. त्यानं ती घेतली, बरं म्हणाला, की आमचं नातं तिथंच संपलं. आणि रिकामी नेली, आणि त्याची नजर एकदा नुसती ताटलीवर गेली तर?

मी भिंतीवर बसलो. बसल्या बसल्या एक तिरोपिता खाल्ली. मग दुसरी. स्त्रातिसच्या खिडकीत रेडिओ लागला होता, त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. ताटली रिकामी झाली तेव्हा वाटलं, आता तर नेता येईल, दहा पावलांवर दार आहे. उठलो, कपड्यांवरचे कण झटकले, आणि घराकडे, वरच्या गल्लीला लागलो.

ताटली धुतलेली आहे, खिडकीपाशी उभी करून ठेवली आहे. स्त्रातिसला ती परत द्यायची अजून राहिली आहे.