माहेरचं मीठ

“मीठ ओटीत पडेपर्यंत मान वर करायची नाय गो,” बायजामावशीनं बजावलं होतं. पुतळीनं ती वर केली… आणि तिथंच सगळं झालं.

रोह्याच्या वाटेवरचा जुना दगडी पूल बांधताना काही केल्या टिकेना, तेव्हा एका सासुरवाशिणीला पायव्यात चिणलं, असं गावात सांगत. ती धरमतरच्या खाडीकडची. म्हणून दर चैत्रात खाडीवाले तिच्या माहेरचं मीठ घेऊन पुलावर येत आणि गावातली एक लेक तिच्या वतीनं ते ओटीत घेई. मीठ घालणारा त्या लेकीचा जन्माचा भाऊ ठरे.

दरवर्षी म्हातारे गुणाजी येत. यंदा त्यांचा पुतण्या कान्हू आला — उन्हानं रापलेला, पापण्यांवर मिठाची पांढरी धूळ.

“ओटी नीट धर, सांडंल,” तो हळूच म्हणाला.

“तू नीट घाल की.”

मग दर सोमवारी त्याला रोह्याच्या बाजारात काम निघू लागलं. पुतळी महादेवाला बेल वाहून परतायची, तेव्हा हा पुलाच्या कठड्यावर बसलेला.

“उपास माझ्यासाठी धरतेस?”

“महादेव आधीपासून हाय. तू आत्ता आलास.”

“मग त्याच्या मागं उभा राहतो.”

ती हसायची… खरं सांगायचं दर वेळी मनात यायचं, आणि जिभेवरून परत जायचं. पावसाळा सरला, भात पिवळं पडलं, तेव्हा एकदाची बोलली.

“त्या दिवसापासून तू माझा भाऊ हायस, कान्हू. तुला ठाऊक नाय?”

त्यानं मान हलवली. “काकानं एवढंच सांगितलं — मीठ भिजू देऊ नको.” मग म्हणाला, “मुंबईला जाऊ. तिथं कोण इचारतंय?”

“कोण नाय. पण मग तुमचं मीठ इथं कुणी ओटीत घेणार नाय. पायव्यातल्या बाईला माहेरचं तेवढंच येतं रे.” तिनं कठड्याच्या दगडावर तळवा टेकला. “आपल्यापायी तिचं माहेर तोडू?”

उठता उठता कान्हू म्हणाला, “आई पोरगी बघतेय. मला बहीण नाय… करवली कोण, म्हणून तिला घोर.”

“मी होईन,” पुतळी म्हणाली. “तुझ्या मागं दुसरी कुणी उभी राहिलेली मला बघवायची नाय.”

माघात खाडीकडं कान्हूचं लग्न निघालं. त्या सकाळी तिनं पूजा उरकली, हिरवं लुगडं नेसली, केसांत अबोली माळली. मावशी दाराशी आली.

“जमेल का गो?”

पुतळीनं पदर सारखा केला, पायांत चपला सरकवल्या, आणि पेणची एसटी धरायला निघाली.