आर्नीची उत्तर लाइन

"दिवे चालू आहेत!" ओइवा एवढ्या मोठ्यानं ओरडला, की पलीकडे टेबल-हॉकी खेळणारी पोरं दचकली.

"कसले दिवे?" तूलीनं विचारलं.

"घाटस्टेशनचे! आपल्या घाटस्टेशनचे! ये ना इकडे, बघ!"

तूली आली. ओइवाची धाकटी बहीण हेल्का आधीच त्याच्या खुर्चीत निम्मी घुसली होती. पडद्यावर डोंगरातलं लाकडी स्टेशन दिसत होतं. तिथले सगळे कंदील पेटलेले होते. रुळांवर पिवळा उजेड सांडला होता.

"शक्यच नाही," तूली म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

आणि खरंच ते शक्य नव्हतं. 'कोरी जमीन' या खेळात काहीच आयतं मिळत नाही. सुरुवातीला नुसतं रान, नद्या आणि डोंगर असतात. रस्ता हवा? आपण करा. गाडी हवी? रूळ घाला. वीज हवी? नदीवर पाणचक्की बसवा, खांब रोवा, तारा ओढा. कोइवुसल्मी गावातली पोरं शाळेनंतर जमायची त्या युवाघरात, जिन्याखालच्या एका जुन्या यंत्रात या पोरांचं एक जग होतं. युवाघरातल्या संगणकांवरूनच तिथं जाता यायचं. तीन हिवाळे खपून त्यांनी त्यात गावं जोडली होती, दरीवर दोरखंडाचे पाळणे टांगले होते, विजेची गाडी घाटापर्यंत नेली होती. या सगळ्याचा मुख्य इंजिनीयर होता आर्नी. आता त्याला उत्तरेच्या टोकाला, समुद्रापर्यंत गाडी न्यायची होती.

आर्नी एप्रिलमध्ये गेला. शाळेतून घरी जाताना तो स्कीवरून गोठलेलं तळं ओलांडायला निघाला. सगळा हिवाळा सगळेच तसे जातात. पण एप्रिलचा बर्फ वरून पांढरा दिसला तरी आतून कुजलेला असतो. कोइवुसल्मीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आर्नीलाही ठाऊक होतं. तरी तो गेला.

आदल्या संध्याकाळी खेळात वादळ झालं होतं. झाडं पडून तारा तुटल्या, सगळी स्टेशनं काळोखात बुडाली. "उद्या जोडू रे," आर्नी कोट चढवत म्हणाला होता.

त्यानंतर त्या जगात कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. धीरच होत नव्हता. आज शरदाच्या सुट्टीचा पहिला दिवस. बाहेर चिखल, गारठा. ओइवाच म्हणाला, "एकदा नुसतं बघून येऊ." खिडकीजवळची आर्नीची खुर्ची तेवढी कुणी घेतली नाही.

"आपण नव्हतो, तर तारा जोडल्या कुणी?" तूली पुटपुटली.

हेल्कानं मान वर केली. "आर्नी असेल का?"

"मूर्खासारखं बोलू नकोस!" तूली फटकन म्हणाली. हेल्काचे डोळे भरून आले, तेव्हा तूलीला स्वतःलाच वाईट वाटलं. तिनं खिशातली खारट ज्येष्ठमधाची गोळी काढून हेल्काच्या हातावर ठेवली. "मलाही तसंच वाटलं होतं गं. एक क्षणभर."

तिघं गाडीनं घाटापर्यंत गेली. पुढं मात्र पायीच जावं लागलं, कारण आर्नीची लाइन तिथंच संपत होती. निदान एप्रिलमध्ये तरी संपत होती.

"हे काय!" ओइवानं डोकं धरलं. "हे कुणी केलं?"

घाटाच्या पुढंही रूळ होते. पण कसले रूळ ते! दारू पिऊन घातल्यासारखे. कड्यावर सरळ चढलेले, मग घाबरून वळलेले, एका ठिकाणी तर गोल फिरून स्वतःलाच येऊन भिडलेले! खांब इतके दाट, की कुंपण वाटावं. आणि प्रत्येक खांबाखाली एकेक कंदील.

"अंधाराला भिणारा दिसतोय कुणीतरी," तूली म्हणाली.

"भिऊ दे नाहीतर मरू दे!" ओइवा उसळला, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "ही आर्नीची लाइन आहे. तिची अशी वाट लावायची नाही कुणी. मी हे सगळं उपटून काढणार."

"आधी चोर पकडू. उपटायचं मग बघू."

खेळात त्या माणसाचं नाव नुसतं 'पाहुणा' असं उमटलं होतं. म्हणजे खातं नसलेलं कुणीतरी. तूलीनं शेवटच्या खांबाची जागा नीट पाहून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी युवाघर उघडल्याबरोबर तिघं आत धावली. खांब पुढं सरकले होते!

"काल संध्याकाळी दार बंद होईपर्यंत आपण इथंच होतो," तूली म्हणाली. "आज दार उघडल्यावर पहिले आत आलो ते आपणच. मग पाहुणा येतो कधी?"

"सकाळी!" ओइवा आणि हेल्का एकदमच ओरडले.

"आणि किल्ली कुणाकडे असते?"

तिघांनी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. युवाघर सांभाळणारी तार्या तिथं दालचिनीच्या पावांवर साखर भुरभुरत होती. "काय बघताय?" ती म्हणाली. "अजून गरम आहेत. थांबा जरा."

"तार्या, तू सकाळी इथं खेळतेस का गं?" हेल्कानं सरळच विचारून टाकलं.

ओइवानं कपाळावर हात मारला. "काय पण हेरगिरी!"

तार्याचा हात मात्र क्षणभर थांबला. "मी? मला तर तो संगणकाचा माउस कुठल्या हातात धरायचा तेही कळत नाही," ती म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली.

तिला काहीतरी ठाऊक होतं, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं युवाघरामागच्या ओल्या झुडपांत दबा धरून बसली. हेल्काची हातमोज्यांतली बोटं गारठली होती. ओइवा कुजबुजत धमक्या देत होता. "मी आधी त्याला विचारणार, की लाज नाही का वाटत? मग म्हणणार…"

"गप रे. दिवा लागला."

तूली टाचा उंचावून खिडकीतून आत डोकावली, आणि तशीच उभी राहिली.

"कोण आहे? सांग ना! कोण आहे?"

ओइवानं तिला बाजूला सारून पाहिलं.

आत, आर्नीच्या खुर्चीत, त्याची आई बसली होती. डॉक्टर इरमेली. गावातल्या प्रत्येकाचे दात तिच्या हाताखालून गेलेले. एप्रिलपासून तिचा दवाखाना बंद होता, आणि दात दुखला की लोक पुढच्या गावाला जात. तिच्या अंगावर अजून कोट होता. दोन बोटांनी, कीबोर्डवरच्या कळा शोधत शोधत, ती खांब रोवत होती. एक खांब पडला. तिनं तो पुन्हा रोवला. तो पुन्हा पडला.

ओइवाच्या सगळ्या धमक्या कुठल्या कुठं गेल्या.

हेल्काला खिडकीपर्यंत पोचता येत नव्हतं, म्हणून तिनं सरळ दार ढकललं. मग बाकीच्या दोघांनाही आत जावं लागलं.

इरमेली ताडकन उठली. "मी… तार्यानं मला किल्ली दिली होती. तिच्यावर रागावू नका. कुणाला सांगू नकोस, असं मीच तिला म्हटलं होतं." चोरी पकडल्यासारखी ती बोलत होती. एवढी मोठी बाई, आणि पोरांपुढं खाली मान घालून उभी! तूलीला ते बघवेना.

"तुम्ही बसा ना," ती म्हणाली.

"मी बिघडवलं का सगळं?"

"नाही! अजिबात नाही!" ओइवा जोरात म्हणाला. "म्हणजे… थोडंसं. ते गोल फिरलेलं आहे ना, तेवढंच."

इरमेली किंचित हसली. "जेवताना तो सारखा याबद्दलच बोलायचा. खांब, तारा, चढ. मी म्हणायची, 'आर्नी, सूप निवतंय.' एकदा म्हणाला, 'आई, लाइन टोकापर्यंत गेली ना, की पहिल्या गाडीनं तुला नेणार.' मी बरं म्हटलं. ऐकलं नव्हतं, नुसतं बरं म्हटलं. टोक कुठं आहे, हेसुद्धा मी विचारलं नाही. आता उत्तरेकडे म्हणून जातेय, पण खरंच कुठं जायचंय ते मला ठाऊक नाही."



"आम्हाला ठाऊक आहे," तूली म्हणाली. "म्हणजे दिशा ठाऊक आहे. तो एकटाच पायी तिकडे जाऊन आला होता. तिथलं स्टेशन आधीच बांधायला घेतलंय, म्हणायचा. आम्हाला दाखवलं नाही. गाडीनंच या, म्हणाला."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. हातगाडी ढकलत एक जाडजूड माणूस आत आला. मागून तार्या धापा टाकत आली. "रिस्तो, अहो ऐका तर! मला कुणी काही कळवलेलं नाही!"

"निरोप पाठवला होता," नगरपालिकेचा रिस्तो म्हणाला. "जुनी यंत्रं आज जाणार. सोमवारी नवी येतील."

"कुठं पाठवला निरोप?"

"जुन्या ईमेल-पत्त्यावर."

"तो उन्हाळ्यापासून बंद आहे!"

"ते मला कुणी सांगितलं नाही."

"जिन्याखालचं यंत्रही नेणार?" तूलीनं विचारलं.

"सगळी. दुपारी पुसून कोरी करतात आणि भंगारात जातात. त्यात काय आहे? पोरांचे खेळ!" तो वायरी काढायला वाकला, आणि वाकताना त्यानं गालाला हात लावून तोंड वाकडं केलं.

आर्नीचं अख्खं जग त्या धुळकट पेटीत होतं, आणि दुसरीकडे कुठंही नव्हतं. तिच्या दप्तरात पेनड्राइव्ह होता, आणि जगाची प्रत कशी काढायची ते आर्नीनंच तिला शिकवलं होतं. पण वेळ लागणार होता! तिनं ओइवाकडे पाहिलं. ओइवा लगेच पुढं सरसावला.

"काका, आधी कॉफी घ्या ना! तार्याचे दालचिनीचे पाव…"

"नको. गोड लागलं की दात ठणकतो."

"कुठला दात?"

हा आवाज इरमेलीचा होता. पण मघाची इरमेली नव्हती ही! पाठ ताठ झाली होती, डोळे बारीक झाले होते. रिस्तो दचकला. कोपऱ्यात कोण आहे, हे त्यानं पाहिलंच नव्हतं.

"डॉक्टर! तुम्ही… मला माहीत नव्हतं…"

"खालची दाढ, डावीकडची. मार्चमध्ये बोलावलं होतं तुम्हाला. आला नाहीत. गाल सुजलाय. बसा."

"आत्ता? इथं?"

"बसा म्हटलं ना! हेल्का, तो टेबलावरचा दिवा धर. ओइवा, यांचं डोकं. घट्ट. तोंड उघडा. आणखी. आणखी!"

बिचारा रिस्तो! नगरपालिकेचा अधिकार एका क्षणात त्याच्या जबड्यात अडकला. "आँ… आँ…" एवढंच तो म्हणू शकत होता. इरमेली एकेक दात न्याहाळत होती. प्रत्येकाबद्दल तिला बरंच काही सांगायचं होतं.

तूली सरपटत जिन्याखाली पोचली. पडद्यावरची हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. चल गं, चल!

"आणि इथं मागं काय लपवलंय?" इरमेली विचारत होती. "रोज रात्री घासता?"

"आँ."

"खोटं!"

ओइवाला हसू आवरेना. हेल्काच्या हातातला दिवा हलत होता. पट्टी भरली. तूलीनं पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरला आणि मान डोलावली.

"उठा," इरमेली म्हणाली. "सोमवारी दवाखान्यात या. मी उघडते आहे."

तार्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंडावर हात दाबून धरला.

रिस्तो गाल चोळत उठला. तूलीच्या मुठीकडे पाहून त्याला उमगलं. "मला गुंडाळलंत काय रे! एवढं काय होतं त्यात?"

"आर्नीनं बांधलेलं सगळं," हेल्का म्हणाली.

कोण आर्नी, हे कोइवुसल्मीत कुणाला विचारावं लागत नाही. रिस्तोनं इरमेलीकडे पाहिलं, मग डोक्यावरची टोपी काढली. एप्रिलमध्ये तळ्यावर शोधायला गेलेल्यांत तोही होता.

"मी एकदा विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "पुसण्याआधी विचारायला हवं होतं. पोरांनो, बरं केलंत. मोठ्यांना जे सुचायला हवं ते तुम्हाला सुचलं."

सोमवारी नवी यंत्रं आली, तेव्हा रिस्तोनं स्वतः बसून ते जग त्यांत चढवलं.

पुढचे दिवस शाळा सुटली की तिघं युवाघरात, आणि दवाखाना बंद झाला की इरमेलीही. तिचे वाकडे रूळ तिघांनी सरळ केले, पण कंदील एकही काढला नाही. ती तारा ओढायला शिकली. ओइवानं तिला "आता बऱ्यापैकी जमतंय हं तुम्हाला" असं प्रशस्तिपत्रही दिलं. मधेच कधी ती हात थांबवून नुसती पडद्याकडे बघत राहायची. मग तिघंही थांबायची.

शेवटचा खांब रोवला त्या दुपारी बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. तार जोडल्याबरोबर उत्तरेच्या टोकाला, समुद्रकाठी, काळोखात एक दिवा लागला. मग दुसरा.

"तुम्ही एकट्याच जा," तूली म्हणाली. "पहिल्या गाडीनं."

गाडी घाट चढली, बोगद्यातून गेली, उतरली. तिघं इरमेलीच्या खुर्चीमागं उभी राहून बघत होती. स्टेशन जवळ आलं.

छोटासा फलाट होता. एक बाक. निम्मं छप्पर घातलेलं, निम्मं उघडं. कोपऱ्यात फळ्यांचा ढीग तसाच पडलेला. ते दोन दिवे सोडले तर बाकी काही नव्हतं. वेळच मिळाला नव्हता त्याला.

इरमेली कितीतरी वेळ बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी गालांवरून हनुवटीवर आलं, पण तिनं ते पुसलं नाही.

"आपण छप्पर पुरं करायचं का?" ओइवानं हळूच विचारलं. "फळ्या आहेत."

"नको रे. राहू दे. हे त्यानं केलंय तेवढंच असू दे." मग तिनं विचारलं, "परतीची गाडी कधी असते?"

"ठरलेली वेळ नाही," तूली म्हणाली. "तुम्ही बसलात की निघते."

"मग थांबू दे जरा," इरमेली म्हणाली, आणि दोन बोटांनी कळा शोधत ती बाकाकडे चालत गेली.