यादवच्या नावाचं कार्ड

मंदाने कार्ड टेबलावर आपटलं तेव्हा बकुळा सिस्टर सुया उकळायला ठेवत होती.

"वाचा! मोठ्यानं वाचा, काय लिवलंय तुमी!"

दवाखान्यातली रांग वळून बघू लागली. बकुळाने कार्ड उचललं. यादव, वय बावन्न. वजन शेहेचाळीस किलो. रक्तदाब एकशेवीस-ऐंशी. शेरा : तब्येत चांगली. खाली रुग्णाच्या जागी निळ्या शाईत सही.

आकडे तिच्याच अक्षरात होते.

"तुमच्या तपासनीनंतर सोळा दिवसांत गेला माझा मानूस," मंदा म्हणाली. "वळ गावच्या गोदामात गठ्ठा उचलताना डोक्यातली नस फुटली. डाक्टर म्हनले, बीपी लई दिवसांचं हाय. मग तुमच्या यंत्राला काय झालतं?"

तिच्यामागे यादवचा धाकटा भाऊ दत्तू उभा होता. काडीसारखा माणूस, अंगावर यंत्रमागाचा कापूस. त्याने एकदाही मान वर केली नाही.

जानेवारीत कामतघरच्या शाळेत चाळिशीपुढच्यांसाठी मोफत तपासणी झाली होती. एका दिवसात दोनशे माणसं. बकुळा पाणीही न पिता बसली होती. तिचे वडील असेच उभ्याउभ्या गेले होते. त्यांचा रक्तदाब आयुष्यात कुणी मोजलाच नव्हता.

मोठे डॉक्टर म्हणाले, "चौकशी होईपर्यंत ड्युटीवर येऊ नका, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंदाच्या चाळीत गेली. मंदाने दार पुरतं उघडलं नाही. पण फटीतून हार घातलेला फोटो दिसला, आणि बकुळाचे डोळे तिथेच अडकले. रुंद छाती, भरलेली मान.

"मंदाताई, दोनच गोष्टी विचारते. त्यांचं वजन किती होतं?"

"गोदामाच्या काट्यावर उभे राहायचे गमतीनं. अठ्ठ्याहत्तर भरायचे."

"आणि सही?"

"सही कसली? शाळेचं तोंड पाह्यलं न्हाय त्यांनी. अंगठा लावायचे."

बकुळा तडक दवाखान्यात परतली. आया ठकुबाईंकडून शिबिराचं रजिस्टर मागून घेतलं आणि वजनाच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेली. अठ्ठ्याहत्तर किलो एकाच ओळीत होतं. रक्तदाब दोनशेवीस-एकशेतीस. शेरा : तातडीने रुग्णालयात न्या. पुढे अंगठा.

नाव वाचून ती खुर्चीत बसली.

"ठकुबाई, या माणसाला बोलवायला तुम्ही गेला होता ना?"

"दोनदा गेल्ते. म्हनला, मी ठणठणीत हाय, घरात लगीन हाय, मंग येतो."

दुपारी दत्तूची शिफ्ट सुटल्यावर मंदाच्या खोलीत तिघं बसली. बकुळाने रजिस्टर उघडून दत्तूपुढे ठेवलं.

"ही ओळ तुमच्या नावाची आहे, दत्तूभाऊ. वजन अठ्ठ्याहत्तर. तुम्ही पन्नासही भरणार नाही. तुम्हाला लिहिता येतं, तरी इथे अंगठा आहे. आणि यादवभाऊंना लिहिता येत नव्हतं, तरी त्यांच्या कार्डावर सही. मी यंत्रावर बरोबरच वाचलं. माणसं बदलली होती. त्यांच्या नावावर तुम्ही बसलात, तुमच्या नावावर ते. का?"

दत्तूने रजिस्टरातल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"दादाच्या गोदामातल्या मुकादमानं सांगितलं होतं, शिबिराचं कार्ड दाखवा. कमजोर निघंल त्याला काम न्हाय. दादाला महिनाभर चक्कर येत होती. म्हनला, दत्त्या, येवढं कर."

"हे त्यांचं झालं. पण तुमच्या नावाचं कार्ड आलं, ते कुणी वाचलं?"

त्याने रजिस्टर बाजूला सारलं.

"ठकुबाई दोनदा आल्या. त्या कुणाला बोलवताहेत, हे तुम्हाला माहीत होतं."

"व्हय," तो पुटपुटला. "मीच वाचलं. दादाला म्हनलं, थोडं वाढलंय, मीठ कमी खा. दादाच्या पोरीचं, विशाखाचं लगीन शिबिरापास्नं एकोनिसाव्या दिवशी व्हतं, सिस्टर. दवाखान्यात ठेवला असता तर लगीन राह्यलं असतं, मुकादमालाबी कळलं असतं. वाटलं, लगीन झालं का मीच उचलून नेतो. तीन दिवस… तीनच दिवस उरले होते."

मंदाने हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"म्हंजे त्यांना ठावंच नव्हतं?"

"न्हाय, वैनी."

"म्हनून अळणी मागत होते." तिचा आवाज अगदी खाली गेला. "मी रागवायची. म्हनायची, माझ्या हातचं आता ग्वाड लागंना का? आन् मुद्दाम जास्ती टाकायची."

बकुळाने तिचा हात धरला.

"हे मला डॉक्टरांना लिहून द्यावं लागेल," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"लिवा. ह्यांनी भावाला बसवलं तेबी लिवा. तुमच्यावर उगाच वरडले मी."

दत्तू पुढे सरकून मंदाच्या पायांशी वाकला. तिने पाय मागे ओढून घेतले.

"वैनी, मला पोलिसांत द्या."

"पोलीस काय करतील?" मंदा म्हणाली. "पोरीचं लगीन ऱ्हायलंय, भावजी. तुमच्याबिगर उभं ऱ्हायाला कोन हाय आता?"

एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि यादव गेल्यापासून पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.