दोन खांबांचं नाणं

"गेलं! माझं दोन खांबांचं गेलं हो!"

फोनवर एवढंच ऐकू आलं आणि पलीकडचा माणूस रडायलाच लागला. इन्स्पेक्टरबाईंना वाटलं, कुणाचं घर कोसळलं. धावतपळत पोचल्या, तर गेलं होतं एक नाणं. बाईंचा पारा चढला. एवढ्याशा नाण्यासाठी जीप काढायला लावली! पण दार उघडणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा बघितला आणि तोंडावर आलेलं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

गल्लीत या म्हाताऱ्यांना सगळे चांदीकाका म्हणत. जुनी स्पॅनिश चांदीची नाणी जमवायचा नाद, तोही तरुणपणापासूनचा. उद्या हा सगळा संग्रह ते संग्रहालयाला देणार होते. तिथला अधिकारी घरी येऊन एकेक नाणं तपासून ताब्यात घेणार होता. आणि आज सकाळी कपाटातला खण उघडला, तर एक खळगा रिकामा.

बाई खणावर वाकल्या. हिरव्या मखमलीत गोल खळगे, प्रत्येकात एक नाणं. काही छिन्नीनं तोडल्यासारखी वेडीवाकडी, काहींवर राजाचं नाक पार झिजलेलं. सगळी काळपट, कडेला निळसर झाक.

"कधी पुसत नाही वाटतं?"

"नाण्याला फडकं लावणारा माझा वैरी!" रडता रडता काका उसळले. "हवेनं काळी पडते ती चांदी. तो रंग चढायला वर्षं लागतात. घासलं की नाणं मेलं."

"गेलेलं किती किमतीचं?"

काकांनी मान फिरवली. "किंमत नका विचारू. मुलानं आणलं होतं. बोटीवर होता तो. सहा वर्षं झाली आणून. पुढच्या खेपेला बोट परत आली, तो नाही आला."

बाईंनी पुन्हा खणाकडे बघितलं. "मग यातलं सगळ्यात महाग कुठलं?"

काकांनी रिकाम्या खळग्याच्या शेजारचं ओबडधोबड नाणं दाखवलं. "हे. हे विकलं तर या घराचं छप्पर नवं होईल."

"चोरानं ते सोडलं?"

"अक्कल गहाण टाकलेला असेल मेला. हे नेलं असतं ना, तर मी तुम्हाला फोनसुद्धा केला नसता."

कुलूप शाबूत होतं. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते, म्हणजे घरात आलेल्या कुणालाही दिसेल अशी. काल याच खोलीत सुतार खिडकी बसवून गेला होता. बाईंबरोबर आलेल्या हवालदारानं त्याला एव्हाना उचलून चौकीत नेऊन बसवलं होतं.

काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवतानाच म्हणाल्या, "सुताराला सोडा आधी. त्यानं नाही घेतलं."

"कशावरून?"

"लेकराबाळांचा माणूस आहे."

"लेकरंबाळं चोरांनाही असतात, काकू. तुम्ही सकाळी घरीच होता?"

"भाजीला गेले होते."

कप ठेवायच्या निमित्तानं बाई स्वयंपाकघरात गेल्या. खिळ्याला किल्ली होती. शेजारच्या खिळ्याला भाजीची पिशवी, नीट घडी घातलेली. टोपलीत कांदे आणि एक सुकलेलं लिंबू, बाकी काही नाही.

बाहेर येऊन त्यांनी नाण्याचा फोटो मागितला. काकांनी फोन पुढे केला. महिन्यापूर्वी काढलेला, पूर्ण भरलेल्या खणाचा फोटो. हरवलेलं नाणं चटकन ओळखू येत होतं. दोन खांब, मध्ये मुकुटाखाली पृथ्वीचे दोन गोल, खाली लाटा. नव्या स्टीलच्या वाटीसारखं लख्ख. बाईंनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

मग अंगणात जाऊन त्यांनी संग्रहालयाच्या अधिकाऱ्याला फोन लावला.

"अरेरे! वाईट झालं," तो म्हणाला. "पण मॅडम, ते नाणं आमच्याकडे येणारच नव्हतं. ते घरीच राहील, त्याबद्दल काही विचारू नका, असं काकांनी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं."

बाईंनी दुसरा फोन चौकीत केला. "सुताराला सोड. चहा पाज, आणि माफी माग."

आत येऊन त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"काका, राग मानू नका. सहा वर्षं एकच मखमल, एकच हवा. बाकीची सगळी काळी पडली आणि हे एकटं लख्ख. फडकं तुम्ही लावत नाही. म्हणजे हे चांदीचं नव्हतंच."

काकांनी डोळे मिटले. नाही म्हणाले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच संग्रहालयाला ते देत नाही म्हणालात."

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. "द्यायचं नव्हतं?"

"आता मला सांगा, महागाचं सोडून खोटं नाणं कोण नेईल? उद्याच्या तपासणीत ते उघडं पडेल म्हणून धास्तावलेलं माणूस. ज्याला नाणं खोटं असल्याचं माहीत होतं, पण ते कुणी तपासणारच नाही, हे माहीत नव्हतं. सुताराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काकांना सगळंच ठाऊक होतं. उरलं कोण? पिशवी न घेता भाजीला गेलेलं माणूस."

"बंदरातून फोन केला होता त्यानं," काकू म्हणाल्या. "शेवटचा. म्हणाला, आई, इथल्या बाजारात मला गंडवलं गं, तसली नाणी इथं ढिगानं विकतात, ते खोटं आहे. बाबांना सांगू नकोस, पुढच्या खेपेला खरं आणतो." त्या काकांकडे वळल्या. "उद्या कुणी परका तुमच्या तोंडावर म्हणाला असता, मुलाला फसवलं तुमच्या. तुम्हाला सोसलं असतं?"

"अगं, पहिल्याच दिवशी बोटावर तोलून वाजवलं मी. बद्द आवाज आला. त्यानं विचारलं, खरं आहे ना, बाबा? मी म्हटलं, याच्यासारखं माझ्याकडे एकही नाही. त्यात खोटं काय बोललो?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्याचा विषय काढला की तू उठून जायचीस."

"आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपायचात!"

बाईंनी हळूच विचारलं, "काकू, नाणं कुठं आहे?"

"पुलावरून टाकलं. सकाळीच. कुणाला कधी सापडू नये म्हणून."

"टाकलंस?" काका म्हणाले. "त्याच्या हातून माझ्या हातात आलेलं तेवढंच होतं गं. तेवढंच."

काकूंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, तरी हुंदका बाहेर आलाच. इन्स्पेक्टरबाईंनी आजवर पुष्कळ चोर पकडले होते. पकडल्याचं इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं. गुन्हा म्हणून नोंदवावं असं काही उरलंच नव्हतं.

बऱ्याच वेळानं काका उठले आणि पायानं चपला चाचपू लागले.

"कुठल्या बाजूनं टाकलंस?"

"वाहत्या पाण्याच्या बाजूनं. खूप खोल आहे हो तिथं. मिळायचं नाही."

"मिळावं म्हणून नाही जात. चल, जागा दाखव." उंबऱ्यात ते अडखळले. काकूंनी त्यांचा दंड धरला, तसं काकांनी विचारलं, "फोनवर आणखी काय म्हणाला तो? सगळं सांग मला."

"बाबा जेवले का," काकू म्हणाल्या. "आधी तेच विचारलं होतं."