लेकराच्या वाट्याचा दगड

ती बॅटरी बंद कर रं, डोळ्यावर येतीय. लिंबाजीतात्याला विचारायची सोय आता राहिली न्हाय, पण त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. पदरचं काही घालत न्हाय.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली वैशाखी अमावस्या. ढोकीजवळचं हेच आपलं गाव. लिंबाजी बाटली घेऊन रॉकेल आणायला निघाला. घरात त्याची बायको सारजा सकाळपासून कळा देत होती. आधीची दोन लेकरं पोटातच गेलेली. उशाला सकिनाबी सुईण बसलेली, आणि कंदिलातलं तेल संपत आलेलं.

वाटेत वेशीजवळची नवी बाग लागली. तिथं गल्लीनं श्रमदान करून पोरांना खेळायला दगडांचा चक्रव्यूह मांडला होता. घोट्याएवढे दगड, त्यांच्यातून गोल गोल फिरत मधोमध जाणारी एकच वाट. आलास तसंच परत जायचं. घरात जितकी माणसं तितके दगड त्या घरानं आणायचे, असं ठरलं होतं. रसूल गवंड्यानं त्याच संध्याकाळी दगडांना चुना मारलेला, वाटेवर पण चांगलाच सांडलेला. मधला दगड लिंबाजीनं मांडला होता. तो घटकाभर बघत थांबला, आणि त्याला बरं वाटलं.

रॉकेल घेऊन आला तर सकिनाबी दारातच उभी.

"बाळ खाली सरकंना," ती म्हणाली. "लिंबाजी, खरं सांग. बागंत तुमच्या घरचे दगड किती?"

"तीन, चाची."

"घरात तुमी दोघंच की रं."

"एक... येनाऱ्याचा. मधोमध मांडलाय."

सकिनाबी उंबरा ओलांडून पुढं आली.

"पाळनासुदिक कुनी आधी आनत न्हाय, आन् तू त्याची जागा मांडून बसलास व्हय? जा. उचलून आन."

रॉकेल तिच्या हातात देऊन, ओसरीवरचा दुसरा कंदील पेटवून तो पळत सुटला. बागेत शिरला, दगडांवरून ढांगा टाकत सरळ मधे गेला, दगड उचलला. दगड गरम होता, अंगात ताप असल्यागत. तसाच ढांगा टाकत तो परत फिरला.

फाटकाशी आला, आणि मागं वाजलं.

थप... थप...

इवली पावलं. थोडं चालायची. थांबायची. मागं फिरायची.

त्यानं कंदील वर केला. कुणी न्हाय.

पळून जावंसं वाटलं त्याला. पण काळीज तुटत होतं. दगड त्यानं ओलांडून आणला, पण ज्याचा दगड, त्याला ओलांडता कुठं येत होतं? त्याला वाट धरूनच यावं लागणार. अंधारात. एकट्याला.

लिंबाजी पुन्हा मधे गेला. दगड कडेवर घेतला.

"चल बाळा. माझ्या मागनं ये."

आता वाटेनं.

एक वळण. थप... थप... दुसरं वळण. कंदील फडफडला. मागं बघावंसं लई वाटलं. न्हाय बघितलं.

मधेच आवाज थांबला.

तोही थांबला. घामानं निथळत होता.

"दमलास व्हय?... हाय म्या. सावकाश ये."

...

...

थप.

शेवटचं वळण. बाहेर पाऊल टाकलं. मागचा आवाज शेजारी आला. पुढं गेला. घराकडं. पळत.

लिंबाजी अंगणात पोचला तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. तो तिथंच मटकन खाली बसला आणि रडला. सारजा जिवंत होती. पोरगा होता.

सकिनाबी बाहेर आली. पोर लुगड्याच्या फडक्यात होतं, अजून न्हाऊसुद्धा घातलं नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं नुसतं खालचं फडकं बाजूला केलं.

दोन्ही तळपायांना ओला चुना होता.